तबकातली सीडी

लेक नमू झोपली की दुपारचा थोडा वेळ स्नेहलच्या हाती लागायचा. त्यातच भांडी उरकायची, सासूचा उजवा हात तेल लावून चोळायचा, आणि मग स्वयंपाकघरामागचं दार हळूच लोटून दुकानात शिरायचं. दाराच्या चौकटीवर टिकल्या चिकटवलेल्या होत्या. आत शिरताना कपाळावरची टिकली काढून तिथे लावायची, घरात परतताना पुन्हा काढून कपाळावर. सवयीने आता हात आपोआप जायचा.

दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. बाहेर 'कुंदन कॉम्प्युटर्स, झेरॉक्स, लॅमिनेशन' अशी पाटी आणि जूनपासून न उघडलेलं शटर. शटरच्या फटीतून उजेडाची एक पट्टी जमिनीवर पडायची आणि करावे गावातली दुपार तिच्यातून सरकत जायची, म्हावरं विकून परतणाऱ्या बायांचे पाय, रिक्षाची चाकं, एखादं कुत्रं. स्नेहल नवऱ्याच्या, कुंदनच्या खुर्चीत बसली होती. समोर पडदा काळा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. अर्थ एवढाच, की सुरू करण्यासारखं काही सापडत नाही, योग्य डिस्क घाला आणि कुठलंही बटण दाबा.

योग्य डिस्क तर घातलेली होती. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच.

ती सीडी कुंदनची लाडकी. वर मार्करने त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'ॲम्ब्युलन्स'. लिनक्सची लाइव्ह सीडी. गावात कुणाचा कॉम्प्युटर मेला की हा ती खिशात घालून निघायचा. आजारी डिस्कला हातही न लावता मशीन या सीडीवरून उठतं, आणि मग आत अडकलेले फोटो, हिशेब, पोरांचे प्रोजेक्ट हळूहळू बाहेर काढून घेता येतात, असं त्याने लग्नाच्या आधी स्नेहलला समजावलं होतं. ती तेव्हा खारघरहून कॉलेजच्या प्रोजेक्टचा बिघडलेला लॅपटॉप घेऊन आली होती. लॅपटॉप बरा झाला. मग ती उगाचच झेरॉक्स काढायला येत राहिली.

आता त्याच्याच मशीनमध्ये त्याच्या आईचा आवाज अडकला होता.

विमलबाई म्हणजे करावे गावची धवलारीण. आगऱ्या-कोळ्यांच्या लग्नात भटजी नंतर येतो, आधी धवलारीण येते. हळद दळण्यापासून नवरीला उंबऱ्याबाहेर काढीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे गाणं, वेगळा, आणि ते सगळे विमलबाईच्या तोंडात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण गावाने तिला कधी मांडवाबाहेर उभं केलं नाही. तिच्याशिवाय विधी पुढे सरकवणार कोण? स्नेहलच्या लग्नातही तिनेच धवले म्हटले होते, सासू असून. त्यातला एक स्नेहलच्या अंगावर काटा आणून गेला होता. त्यात घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन मांडवात बोलवायचं. एकेक नाव घेतलं की 'पाट मांडा' म्हणायचं, आणि बायका खरोखरच रिकामा पाट मांडायच्या. खारघरच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलीला ते कसंतरीच वाटलं. कुंदनने कानात सांगितलं होतं, घाबरू नको, नाव घेतलं आणि पाट मांडला नाही तर तो माणूस दारातच ताटकळतो, म्हणून आये कधी चुकत नाय.

बाकी वेळी विमलबाईने नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं नव्हतं. मतदार यादीवाला आला तर ती पोराकडे बोट दाखवायची. फक्त त्या धवल्यात घ्यायची, पंढरी, असं स्वच्छ.

कुंदनने गेल्या दोन हिवाळ्यांत ते सगळे धवले रेकॉर्ड केले होते. शटर ओढून, पंखा बंद करून, आईला याच खुर्चीत बसवून. लग्नांच्या व्हिडिओत डीजेच्या वर तिचा आवाज कुठे येतो? दुसरी प्रत काढायची त्याच्या मनात होती. मनातच राहिली.

जूनमध्ये विमलबाईला झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. ती आयसीयूत असतानाच एका सकाळी तिचे कपडे आणि चहाचा थर्मास घेऊन कुंदन बाईकवर निघाला, आणि पामबीच रस्त्यावर एका डंपरखाली आला. थर्मास फुटला नव्हता. तो पोलिसांनी स्नेहलला परत दिला, तेव्हा आतला चहा कोमट होता.

डॉक्टरांनी बजावलं की बाईंना इतक्यात धक्का नको. तेव्हा काशीआत्याने, म्हणजे शेजारीच राहणाऱ्या कुंदनच्या आत्याने, निकाल लावून टाकला. पोरगा बोटीवर गेलाय, परदेशी बोटीवर कॉम्प्युटरचं काम मिळालंय, तिथे फोन लागत नाही. काही आठवड्यांचा प्रश्न, असं सगळे म्हणाले. आठवडे गेले, पावसाळा गेला, विमलबाई काठी टेकत घरात फिरू लागली, आणि त्या खोट्याला संपवायची वेळ कुणालाच सापडली नाही. घरात स्नेहल मंगळसूत्र घालून राहिली. रडायचं झालं तर नमूला खाडीवर फिरवायला न्यायची.

विमलबाईच्या तोंडून एकच अक्षर निघायचं, ता. भूक लागली, ता. नमूला हाक मारायची, ता. सुरुवातीला ती दाराकडे बोट करून विचारायची, ता? मग काशीआत्या बोटीचं सांगायची. हळूहळू विचारणं थांबलं. स्नेहलला वाटायला लागलं, त्यांना कळलंय. आई आहे, कळणारच. त्या समजून गेल्यात आणि आपल्यासाठी गप्प आहेत, आपण त्यांच्यासाठी. त्या वाटण्यात एक प्रकारची ऊब होती. दोघी एकाच चादरीखाली रडत असल्यासारखी.

नेरूळच्या हॉस्पिटलात बोलणं शिकवणारी सुचिता मॅडम होती. तिने मागच्या आठवड्यात स्पष्टच सांगितलं. बोलणं आणि गाणं ही डोक्यातली वेगवेगळी घरं. ह्यांचं बोलण्याचं घर पडलंय, पण गाण्याचं अजून उभं असू शकतं. ह्यांची स्वतःची गाणी, ह्यांच्याच आवाजात रोज कानावर पडली, तर त्या दारातून शब्द बाहेर येतील. पण जे काय करायचं ते आत्ता, पहिल्या वर्षात. नंतर भिंती सुकतात.

मग फाइल बंद करता करता म्हणाली, "आणि एक, स्नेहल. बोलायला लागल्या की पहिल्यांदा तेच विचारतील. तेवढी तयारी ठेव."

काशीआत्याने आधी स्वतः गाऊन पाहिलं होतं. विमलबाईने दुसऱ्याच ओळीला भिंतीकडे तोंड फिरवलं. काशीआत्या म्हणाली, बघ, वाचा गेली पन नखरा नाय गेला.

म्हणजे मशीन उठवणं भाग होतं.

पुण्यात नोकरी करणारा मितेश हा कुंदनचा शाळेपासूनचा मित्र. तो फोनवरून सांगायचा आणि स्नेहल करायची. मशीन सुरू होईना म्हणून गावातल्या एकाने आधीच डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायचा उद्योग केला होता, तेव्हापासून ती टकटक करायला लागली होती. मितेशने तेव्हाच दम भरला. आता तिला कोणी हलवायचं नाही, विंडोज सुरू करायचा प्रयत्न एकदाही करायचा नाही, आणि कुठल्या दुकानात तर न्यायचंच नाही, ते आधी फॉरमॅट मारतात मग विचारतात. पेन ड्राइव्हवरून उठण्याइतकं हे मशीन नवीन नाही. कोरी सीडी आणि ती लिहिणारं यंत्र आता शोधून सापडत नाही. तेव्हा वहिनी, आहे ती ॲम्ब्युलन्सच चालवायची.

आधी त्याने चालू होता होता डिलीटचं बटण बडवत राहायला सांगितलं. निळा पडदा आला. मशीन सुरू होताना आधी कुठे बघतं याचा क्रम तिथे असतो, तर सीडी पहिली करा, डिस्क खाली ढकला. तिने केलं. बंद करून चालू केलं, तर क्रम पुन्हा जुनाच. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मितेशने निळ्या पडद्यावरची तारीख विचारली. स्नेहलने वाचली, एक जानेवारी दोन हजार नऊ.

"मग सेल गेलाय आतला. बंद केलं की सगळं विसरतंय ते."

ती त्या तारखेकडे बघत बसली. मशीनच्या लेखी ती स्वतः आठवीत होती, सासूचा उजवा हात चालत होता, आणि कुंदन गावात कुठेतरी सायकल पिटाळत होता. क्षणभर तिला वाटलं, राहू दे हीच तारीख.

बटणासारखा तो चपटा सेल घरातच होता, बाथरूममधल्या वजनकाट्यात. नमू तान्ही असताना कुंदन तिला घेऊन त्या काट्यावर उभा राहायचा, मग एकटा उभा राहायचा, आणि वजाबाकी करून ओरडून आकडा सांगायचा. स्नेहलने काटा उलटा केला, सेल काढला, आणि वजनकाटा पुन्हा होता तिथे ठेवून दिला.

सेल बसला. क्रम टिकला. आता मशीन सीडीकडे बघायला लागलं, पण बघून घर्र घर्र करायचं, थांबायचं, परत घर्र करायचं, आणि पडद्यावर यायचं, डिस्क एरर. घशात काहीतरी अडकलेल्या माणसासारखं.

ते दोन-तीन दुपारी चाललं. एकदा सीडीचा ट्रे बाहेर आला तसा त्याच्यावरून तांदळाचा एक दाणा घरंगळून तिच्या मांडीवर पडला. स्नेहलचं डोकंच फिरलं. नमू हाताला लागेल ते फटीत कोंबायची. झेरॉक्स मशीनमध्ये एकदा अख्खी चपाती निघाली होती. तिने आत जाऊन झोपेतून उठत असलेल्या पोरीच्या हातावर चापट मारली. नमूला काही कळलंच नाही. ती हात तसाच पुढे धरून बघत राहिली, आणि मग तोंड उघडून रडायला लागली. विमलबाई खाटेवरून सगळं बघत होती. तिने डावा हात हलवला, ता ता ता, असं काहीतरी घाईघाईने म्हणाली. स्नेहलला वाटलं, नातीला मारलं म्हणून रागावल्या.

आज मितेशने वेगळंच विचारलं. वहिनी, सीडीची खालची बाजू बघितलीत का? चकाकती? ओरखडा बिरखडा?

खरं तर बघितली नव्हती. गल्ल्याच्या खणातल्या कागदी पाकिटातून काढायची आणि नाव वर ठेवून ट्रेमध्ये ठेवायची, एवढंच तिने रोज केलं होतं. तिने सीडी काढून शटरच्या फटीतल्या उजेडात उलटी धरली.

चकाकत्या बाजूवर कुंकू होतं. पाण्यात कालवलेलं, वाळून तडकलेलं, एका बोटाचा टिळा. पण सरळ वर गेलेला नव्हता. बोट टेकवल्यावर कापलं होतं आणि तिरकं घसरत कडेपर्यंत गेलं होतं. डाव्या हाताचं बोट. टिळ्यात तांदळाचा अर्धा दाणा चिकटला होता.

मितेश फोनवर हॅलो हॅलो करत होता. मग करते, म्हणून तिने फोन ठेवला.

दसऱ्याला या दुकानात काय व्हायचं ते तिला पाठ होतं. कुंदन मशीन चालू करायचा आणि आईला म्हणायचा, आये, दाब. विमलबाई ते बटण दाबायची आणि ट्रे सरसर बाहेर यायचा. तिला त्याची भारी मजा वाटायची. तबक आपणहून येतं, म्हणायची, तुझ्या देवाला पुजारी नको. कुंदन ॲम्ब्युलन्स तबकात ठेवायचा, नाव वर करून, आणि नावावरच टिळा लावून घ्यायचा. आईचं बोट चकाकत्या बाजूला जायला लागलं की मनगट धरायचा. ती म्हणायची, अरे पण देवाचं तोंड तं ह्या बाजूला हाय. झेंडूचं फूल, अक्षता, आणि मग पुन्हा बटण, तबक आत.

या वर्षी दसरा नव्हता. घरातला तरणा माणूस गेलेला, वर्षाच्या आत कसली हत्यारांची पूजा? स्नेहल त्या दिवशी नमूला घेऊन खारघरला आईकडे गेली होती, कारण सणाच्या दिवशी सासूसमोर टिकली लावून बसणं तिच्याने होईना. विमलबाईजवळ काशीआत्या होती.

स्नेहल मागच्या दाराने काशीआत्याकडे गेली. ती अंगणात सुकट निवडत होती. सीडी बघून तिने मान खाली घातली.

"मी नाय गो पोरी. दारादारात झेंडू बघून तिला कलला, दसरा हाय. माझा जरा डोला लागला. उठते तं विमल दुकानाच्या दारात, हाताला कुकू, आत मशीन चालू नि तबक बाहेर आलेला. मी तिचा हात धुतला, ती तबकडी पुसली नाय, तशीच पाकिटात घातली नि खनात ठेवली. तुला सांगून काय करायचा व्हता?"

"आत्या, पण त्यांनी पूजा केली."

"केली."

"म्हणजे त्यांना माहीत नाही."

काशीआत्या पुन्हा सुकटाकडे वळली. सुकटातला एक खडा तिने बाजूला टाकला, मग दुसरा.

गावातला एकूणएक रिवाज जिच्या तोंडातून गेला, ती बाई सुतकाच्या वर्षात दुकानाची पूजा करणार नव्हती. तिला कळलेलंच नव्हतं. ती विचारायची थांबली कारण तिचं समाधान झालं होतं. पोरगा बोटीवर आहे, येईल, आणि आला की त्याचं दुकान बिनपूजेचं नको. काठी टेकत, भिंतीला धरून, एका हाताने कुंकू कालवून ती इथवर आली होती. मनगट धरायला कुणी नव्हतं, म्हणून या वेळी तिला हवं होतं तिथे, देवाच्या तोंडावर, टिळा लावता आला. आणि स्नेहल इतके महिने ज्या चादरीखाली आपण दोघी आहोत असं समजत होती, तिच्याखाली ती एकटीच होती.

आणि नमूच्या हातावरची ती चापट. ता ता ता. सांगत होत्या त्या.

दुकानात परतल्यावर तिने मितेशला फोन लावला. कुंकू लागलंय एवढंच सांगितलं. तो म्हणाला, दसऱ्याचं असेल, कुंद्या पण ना. मग स्वतःच घसा खाकरून सांगायला लागला. साध्या पाण्याने धुवा. पुसताना गोल गोल नाही, मधून बाहेर सरळ. आणि ड्राइव्हच्या आत काचेचा बारीक डोळा असतो, धूळ त्याच्यावरही बसली असणार, तो कापसाने. जोर नको, वहिनी.

पाण्याचं बोट लावलं तसं कुंकू पुन्हा ओलं झालं, ताजं लावल्यासारखं. नमूच्या जुन्या झबल्याने ती मधून बाहेर पुसत गेली. बोटाचा ठसा आधी फिकट झाला, मग गेला. झबल्यावर लाल डाग राहिला. नमूचे कान साफ करायच्या काडीने तिने आतला डोळा पुसला. काडीचं टोक गुलाबी होऊन बाहेर आलं, आणि बरोबर झेंडूची एक वाळकी पाकळी.

ट्रे आत गेला. घर्र. थांबलं. पुन्हा घर्र, पण या वेळी आवाज चढत गेला, एकसारखा झाला, आणि पडद्यावर अक्षरांच्या ओळी धावायला लागल्या. ओळी संपल्या, पडदा निळसर झाला, मधोमध एक बाण आला. मशीन उठलं होतं.

मितेशच्या सांगण्याप्रमाणे तिने आजारी डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली. कुंदनच्या फोल्डरांत 'आये' नावाचं फोल्डर होतं. हळद, तेल, मूळ, पितर, उंबरा, अशा फायली. तिने पेन ड्राइव्ह लावला आणि हळदीपासून सुरुवात केली. हिरवी पट्टी जरा पुढे सरकली आणि थांबली. टक टक. मितेश म्हणाला, ती सोडा, पुढची घ्या. तेलही अडली. मूळही. पितर मात्र सरकत गेली, अर्ध्याच्या पुढे, अजून पुढे, आणि मग डिस्कमधून एक कोरडा कर्रकन आवाज आला. त्यानंतर टकटकही नाही. आयुष्यभर बडबड करणारं माणूस एकदम गप्प व्हावं तसं झालं. फोल्डर पडद्यावरून नाहीसं झालं.

मितेशने बरंच काही करून बघायला लावलं. शेवटी म्हणाला, "गेली, वहिनी. सॉरी. काय आलं हातात?"

"एक. तीही तुटलेली."

फोन ठेवून ती तशीच बसली. हळद गेली, उंबरा गेला. ज्या धवल्यावर ती स्वतः या घरात आली तो गेला. मशीनचं उठणं एवढ्यापुरतंच होतं. मग तिने आवाज बारीक करून आलेली फाइल लावली, लागते का बघायला.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग कुंदन, अगदी जवळ.

"आये, पंखा बंद केलाय, घाम येईल. चालेल ना? हं, म्हन."

स्नेहलने टेबलाची कड धरली. आणि मग विमलबाईचा आवाज, जड, मधेच खरखरणारा, कुठलीही घाई नसलेला. त्या आवाजाखाली कुठेतरी कुंदन हळूच हुंकार भरत होता.

आतून काठीचा आवाज आला. टक, आणि पाय ओढल्याचं फर्र. टक, फर्र. स्नेहल उठेपर्यंत विमलबाई दारात पोचलीही होती. डावा हात चौकटीवर टेकलेला, बरोबर टिकल्यांवर. स्नेहलचं कपाळ उघडं होतं. सासूने तिकडे पाहिलं की नाही कळलं नाही, कारण ती स्पीकरकडे बघत होती. स्नेहलने तिला धरून कुंदनच्या खुर्चीत बसवलं आणि फाइल पुन्हा पहिल्यापासून लावली.

आये, पंखा बंद केलाय.

विमलबाईचा चेहरा एका बाजूने उजळला. तिने मान वळवून शटरकडे पाहिलं, मग स्नेहलकडे, आणि विचारलं, "ता?"

आला का, असं.

उत्तर द्यायच्या आत धवला सुरू झाला. विमलबाईचे ओठ हलले. आधी नुसता श्वास, मग सूर, मग त्या सुराला चिकटून, चिखलातून पाय उपसावा तसा एकेक शब्द.

मांडवाच्या दारी कोन गो आयला,
आजी आयली, गोजरा आयली,
पाट मांडा गो, पाट मांडा.

स्नेहल खाली बसली, तिच्या पायांशी. सुचिता मॅडम म्हणाली होती तसंच होत होतं. गाण्याचं घर उभं होतं. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिला सवड नव्हती. आजेसासरे आले, त्यांना पाट मांडला. लहानपणी खाडीत गेलेला विमलबाईचा दीर आला, त्यालाही मांडला. मग बापूस आयला, पंढरी आयला. ते नाव दोन्ही आवाजांनी एकदम घेतलं, स्पीकरमधल्या धडधाकट बाईने आणि खुर्चीतल्या मोडक्या बाईने. पाट मांडा गो, पाट मांडा. मांडवाच्या दारी कोन गो आयला,

आणि फाइल तिथेच तुटली.

ओळ लोंबकळत राहिली. विमलबाई थांबली. पुढचा शब्द स्पीकरने द्यायचा होता, तो येत नव्हता. तिने पुन्हा शटरकडे पाहिलं. बाहेरून रिक्षा गेली. तिने सुनेकडे पाहिलं, त्या उजळलेल्या अर्ध्या चेहऱ्याने, आणि डाव्या हाताने खूण केली, पुढे. मग पुन्हा शटरकडे बोट. "ता?"

आता म्हणाव्यात अशा गोष्टी स्नेहलने जूनपासून मनात किती वेळा जुळवल्या होत्या. आई, जरा ऐकता का. आई, मन घट्ट करा. त्यातलं एकही वाक्य जागेवर नव्हतं. बोटीचं सांगितलं तर सासू समाधानाने मान हलवील, हे मात्र तिला पक्कं माहीत होतं. पुढच्या दसऱ्याला पुन्हा कुंकू कालवील.

तिने सासूचा डावा हात दोन्ही हातांत धरला. मनगटापाशी, कुंदन धरायचा तसा. तिला गाता येत नव्हतं. आवाज बसलेला, सूर चुकलेला, पण चाल तिला माहीत होती.

"मांडवाच्या दारी कोन गो आयला," ती म्हणाली. "लेक आयला. कुंदन आयला."

हातातला हात जड झाला. विमलबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली, मग कपाळाकडे. चेहऱ्याची उजळलेली बाजू हळूहळू दुसऱ्या बाजूसारखी झाली. आत नमू उठली होती, आई आई करत पाऊल टाकत दारापर्यंत आली आणि दोघींना बघून तिथेच उभी राहिली. कुणीच तिला ये म्हटलं नाही. सीडी अजून आत फिरत होती, तिचा बारीक घूं घूं आवाज तेवढा चालू होता.

नाव घेतलं गेलं होतं. आता ते दारात उभं होतं.

विमलबाईने तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. सूर नव्हता, चाल नव्हती, नुसते दोन शब्द, एकेक वेगळा, स्वच्छ.

"पाट," ती म्हणाली. बराच वेळ गेला. "मांडा."

स्नेहल उठली. स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला उभा लावलेला लाकडी पाट तिने काढला, पदराने पुसला, आणि दुकानात, शटरच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्टीवर, आणून मांडला.